मामांची गाडी धाकटीने उठवली

मामींच्या घरामागे एक गाडी उभी होती, पण ती गाडी आहे हे घरातले सगळे जवळजवळ विसरून गेले होते. मामींच्या लेखी ते कपाट होतं. मागच्या सीटवर कांदे पसरलेले, डिकीत रिकामे डबे आणि घमेली, पुढे जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि ड्रायव्हरच्या पायाशी एक भलामोठा लाल भोपळा. बॉनेटवर ऊन चांगलं येतं म्हणून तिथे उशा वाळत. एका चाकावरून वेल चढला होता. तो आरशापर्यंत पोचला होता आणि त्याला फुलंसुद्धा आली होती.

धाकटी त्या घरात राहायला आली ती दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून. तिघी बहिणींत शेवटची, म्हणून घरीदारी सगळे तिला ‘धाकटी’च म्हणत. मामांचं घर कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. मामा म्हणजे तिच्या आईचे मोठे भाऊ. जन्मभर त्यांनी डोंगरातल्या जमिनी मोजायचं काम केलं होतं. आता निवृत्त होऊन व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून असत. फारसे बोलत नसत आणि फाटकाबाहेर तर जातच नसत.

एके दिवशी मामींनी स्वयंपाकघरातून हाक दिली, “धाकटे, गाडीतून चार कांदे आण गं.”

“कुठल्या गाडीतून?”

“अगं, आपल्या त्या कांद्यांच्या!”

धाकटी गेली. कांदे घेतले, आणि काय मनात आलं कोण जाणे, भोपळा बाजूला सारून ड्रायव्हरच्या सीटवर बसली. स्टिअरिंग धुळीने खरखरीत झालं होतं. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा होता. तिने तो ओढला. खट्ट असा आवाज झाला, आणि पायाखाली कुठेतरी काहीतरी जागचं हललं. मामींनी तीन हाका मारल्या तरी ती तिथेच बसून होती.

जेवताना तिने विचारलं, “मामा, गिअरशेजारचा तो दुसरा दांडा कशाचा?”

मामांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी टेबलावरच्या चार वाट्या पुढे ओढल्या आणि दोन पुढे, दोन मागे अशा मांडल्या.

“साध्या गाडीत दोनच चाकं काम करतात. उरलेली दोन नुसती मागून येतात, पाहुण्यांसारखी. हिची चारही कामाला जुंपलेली. पुढची रुतली तर मागची ढकलतात, मागची घसरली तर पुढची ओढतात. तो छोटा दांडा चढावर जोर वाढवायला.” मग वाट्यांच्या मधोमध त्यांनी मिठाची डबी ठेवली. “आणि हा मधला डबा. वळताना पुढची चाकं जास्त फिरतात, मागची कमी. त्यांच्यात भांडण होऊ नये म्हणून हा समजूत घालतो.”

“माझी मिठाची डबी इकडे द्या आधी,” मामी म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष डबीकडे नव्हतं. आपला नवरा एका दमात इतकी वाक्यं बोलला, हे त्यांनी कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं.

नंतर भांडी पुसता पुसता त्यांनी धाकटीला सांगितलं. मामांचे डोळे अधू झाले, तरी ते गाडी चालवत होते. एका संध्याकाळी घरात शिरताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली. “खांब तिथेच होता आणि मला दिसला नाही,” एवढंच बोलले. किल्ली खुंटीला अडकवली ती कायमची. भंगारवाला अधूनमधून यायचा. त्याला ते दर वेळी सांगायचे, “पुढच्या महिन्यात ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटी खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. “मामा, मी ती गाडी चालू करू?”

“ती आता गाडी राहिलेली नाही. आणि तुझा अभ्यास?”

“अभ्यास सांभाळून करीन.”

“हात खराब होतील. नाजूक काम आहे तुमचं.”

“कॉलेजात दिवसभर प्लास्टरचे दात कोरते, मामा. हाताला वळण लागलंय.”

मामांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “तुझ्या मामीला विचार. कपाट तिचं आहे.”

मामींचा प्रश्न सरळ होता. “माझे कांदे कुठे जातील?”

म्हणून गाडीच्या आधी धाकटीने मांडणी बनवली. फळवाल्याकडून लाकडी खोकी आणली, ती सुटी केली आणि मागच्या भिंतीला लागून फळ्या ठोकल्या. मामी आल्या, एका बोटाने मांडणी ढकलली. मांडणी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग विचारात पडल्यासारखी मध्येच थांबली.

“ही माझ्या अंगावर पडली तर माझे दात तूच बसवशील ना?”

धाकटीने मुकाट्याने तिरक्या पट्ट्या मारल्या. या वेळी मामी स्वतः फळीला लोंबकळल्या, आणि मांडणी हलली नाही. त्या दिवशी कांद्यांनी घर बदललं. भोपळा मात्र मामींनी कुणाला उचलू दिला नाही, स्वतःच कडेवर घेऊन गेल्या.

मग खरं काम सुरू झालं. वेल सोडवला, बॉनेट उघडलं. हवा गाळायच्या डब्यात उंदरांनी राजेशाही घरटं केलं होतं. त्यातला कापूस मामींनी ओळखला, “ही माझी उशी!” आणि एक निळी चिंधी मामांनी ओळखली, “हा माझा रुमाल.” पेट्रोलच्या टाकीतून जे निघालं त्याला जुन्या वार्निशचा वास येत होता. ब्रेक असे गच्च बसले होते की चाक तसूभर हलेना. इंजिन तर ढिम्म होतं. मामा व्हरांड्यातून ओरडले, “किल्ली फिरवू नकोस! आधी प्लग काढून आत तेल सोड. मुरू दे. मग पान्याने हाताने फिरव!”

तिने तसंच केलं. रोज कॉलेजातून आली की पान्याला जोर लावून बघायची. एके दुपारी पाना बोटभर सरकला. तिने अशी आरोळी ठोकली की मामी लाटणं घेऊन धावत आल्या.

मामांच्या खुर्चीची एक गंमत होती. सुरुवातीला ती व्हरांड्यात असे. मग पायरीपाशी आली. “आवाज पोचत नाही,” असं त्यांचं म्हणणं. मग अंगणात झाडाखाली. शेवटी ती बॉनेटला चिकटून उभी राहिली, आणि मामा तिच्यात बसेनासेच झाले. बारीक काही त्यांना दिसत नसे, पण बोटांना सगळं पाठ होतं. इंजिनाच्या मागे हात घालून ते बरोबर नटावर बोट ठेवत. “इथे बघ.” धाकटी तोंडात घालायचा छोटा गोल आरसा घेऊन तिथे बघायची. कॉलेजातली टाकाऊ हत्यारं तिने मागून आणली होती. दातातली कीड शोधायच्या आकड्यांनी ती कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांतली घाण काढायची, आणि तेही जपून, जणू समोरचा माणूस आता ‘आई गं’ म्हणेल.

खालचा पत्रा मात्र तिच्या आवाक्यातला नव्हता. कॉलेजच्या रस्त्यावर एक गॅरेज होतं. गॅरेजवाले काका तोंडात कायम आगकाडी धरून बोलायचे. ते आले, दार उघडून आत डोकावले, आणि आगकाडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत म्हणाले, “हिच्यात बसून जमीन दिसते.”

“वेल्डिंग होईल ना, काका?”

“होईल. पण गंज तू काढायचा. चांगला पत्रा लागेपर्यंत खरवडायचं, मध्येच थांबायचं नाही.”

“आम्हालाही हेच शिकवतात. कीड संपेपर्यंत कोरा, मगच भरा.”

“मग तिकडे कशाला जातेस? इथेच ये कामाला.”

तिने खरवडलं. केसांत गंज, भुवयांत गंज. एकदा कॉलेजात एका आजोबांचा दात तपासायला बसली, तर त्यांनी तिच्या नखांकडे पाहिलं आणि तोंड मिटूनच घेतलं. मॅडमनी तिला हात धुवायला पाठवलं. ती धुऊन आली, मॅडमनी पुन्हा पाठवलं. तेव्हापासून गाडीखाली जाताना ती दोन-दोन हातमोजे घालू लागली.

खिडकी वरखाली करायच्या मुठी तुटल्या होत्या, आणि तसल्या मुठी आता कुठे मिळत नव्हत्या. धाकटीने उरलेल्या एका मुठीचा साचा घेतला, जबड्याचा घेतात तसा, आणि कवळी बनवायच्या मसाल्यातून बाकीच्या ओतल्या. प्रयोगशाळेतल्या काकांनी शिल्लक मसाला हसत हसत दिला होता. मुठी झाल्या झकास, फक्त गुलाबी. अगदी हिरड्यांचा रंग. मामांनी चाचपून “छान!” म्हटलं. मामींनी मात्र कपाळाला हात लावला. “काच खाली करताना कुणाच्या तरी तोंडात हात घातल्यासारखं वाटतं!”

मामींनीच फोनवर धाकटीच्या आईला सांगितलं, की तुझी लेक पुस्तकापेक्षा गाडीखाली जास्त असते. आई पहिल्या बसने आली. तिचं दप्तरं आणि पिशव्या शिवायचं दुकान होतं. ते बंद ठेवून आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि सरळ अंगणात गेली.

“दादा, तुम्ही तरी तिला सांगायचं!” ती मामांवर घसरली. “आणि तू गं? याच्यासाठी शिकायला पाठवलं तुला?”

धाकटी गाडीखालून नुसतं डोकं बाहेर काढून बघत राहिली. आई आणखी बोलणार होती, पण तिची नजर उघड्या दारातून सीटवर गेली. कापड फाटून स्पंज बाहेर आला होता. तिने वाकून एक शिवण दोन बोटांत धरली, ताणून पाहिली.

“हे कुणी शिवलं होतं? एकेरी टाका? सीटला?”

धाकटी गाडीखालून सरपटत बाहेर आली.

“माझी टेप दे पिशवीतली,” आई म्हणाली.

परत जाताना ती सीटची मापं घेऊन गेली, आणि पुढच्या खेपेला जाड निळ्या कापडाचे दुहेरी टाक्यांचे अभ्रे घेऊन आली. ते असे चपखल बसले की मामी उगाचच आत जाऊन बसून आल्या. प्रत्येक सीटच्या पाठीला आईने एकेक खिसा शिवला होता, कारण खिसा नसलेली वस्तू तिला बघवत नसे.

गाडी सुरू करायची ठरली ती रविवारची सकाळ होती. गॅरेजवाले काका आले, मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला. धाकटीने किल्ली फिरवली. खर्र खर्र, आणि शांतता. काकांनी काहीतरी पिळलं. पुन्हा खर्र. मामांनी कान बॉनेटला लावला आणि म्हणाले, “श्वास लागतोय तिला. अजून एकदा.” तिसऱ्यांदा गाडी खोकली, शिंकली, धडाम करून एक आवाज केला आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडून धडधडू लागली.

“आग! आग!” करत मामी पाण्याची बादली घेऊन धावल्या.

“अगं, नको!” म्हणत मामा आडवे आले. बादली त्यांच्यावर रिकामी झाली. इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला, चष्म्यावरून पाणी ओघळू लागलं, आणि मामा त्या धडधडत्या गाडीला टेकून हसत सुटले. मामी आधी ओशाळल्या, मग त्याही हसायला लागल्या. धाकटी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

कागदपत्रं नवी झाली, आणि परवाना धाकटीने आधीच काढला होता. गाडी रस्त्यावर आली. पण सुख चार दिवसही टिकलं नाही. सरळ जाताना ठीक, पण थोडं फिरून आल्यावर वळण घेतलं की गाडी अंग आखडायची. चाकं खरडत, खालून धक्के बसत, जणू कुणी मागून शेपूट धरून ओढतंय.

गॅरेजवाल्या काकांनी चालवून पाहिली. या वेळी त्यांनी आगकाडी तोंडातून काढली, तेव्हाच धाकटीने ओळखलं, बातमी चांगली नाही.

“मधला डबा गेलाय. हा आता कुणी बनवत नाही. मागची चाकं फिरवणारा शाफ्ट काढून टाकू. पुढच्या दोन चाकांवर मस्त पळेल.”

“मग ती हीच गाडी राहील का, काका?”

“पळेल तर!”

घरी येऊन मामा खुर्ची परत व्हरांड्यात नेऊन तिच्यात बसले. धाकटीने परीक्षेचं पुस्तक उघडलं, पण अक्षर डोक्यात शिरेना. तिच्या मनात एकच किडा वळवळत होता. सकाळी गाडी काढताना फाटकाशी वळण घेतो, तेव्हा ती कशी काय सुरळीत वळते? डबा गेलाच असेल, तर सकाळीही गेलेलाच हवा. सकाळी बरी आणि फिरून आल्यावर आजारी, म्हणजे फिरताना तिला कशाचा तरी ताप होतोय.

तिने गाडी थोडी फिरवून आणली. मग खाली शिरून त्या डब्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

“मामा! तुम्ही म्हणाला होता, वळताना पुढची-मागची चाकं वेगळी फिरतात आणि डबा समजूत घालतो. पण सरळ जातानाही ती वेगळी फिरत असली तर?”

मामांनी मान वर केली. “तर तो बिचारा सारखी समजूतच घालत बसेल. तापेल आणि शेवटी अडून बसेल.” ते थांबले. “टायर कुठून आणले आपण?”

“पुढचे काकांकडचे नवे. मागचे भंगार बाजारातले, पण मापाचा नंबर तोच आहे.”

“नंबर सोड. मोजू या.”

मामांनी घरातल्या कपाटातून त्यांची जुनी मोजणीची टेप काढली. कितीतरी दिवसांनी ती त्यांच्या हातात आली होती. धाकटीने चाकावर खडूची खूण केली, मामींनी आणि तिने गाडी ढकलली, चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की मामा जमिनीवर खूण करत. आधी पुढचं चाक, मग मागचं. जन्मभर डोंगर मोजलेला माणूस अंगणात गुडघे टेकून एका चाकाचा फेरा मोजत होता, आणि टेप जराही सैल पडू देत नव्हता.

मागचं चाक कमी भरलं. झिजून झिजून लहान झालं होतं. चारही चाकं एका मापाची नव्हती, म्हणून मधल्या डब्याला क्षणाची उसंत नव्हती.

चार सारखे टायर बसले आणि गाडी लोण्यासारखी वळू लागली. गॅरेजवाल्या काकांनी गावभर चक्कर मारली, मुद्दाम सगळी वळणं घेतली, आणि उतरल्यावर म्हणाले, “टायर मीच बसवले आणि माझ्याच डोक्यात आलं नाही! धाकटे, तुला खरंच दातांचंच काम करायचंय का?”

त्याच वर्षी कॉलेजचं शिबिर होतं, डोंगरावरच्या वस्तीत. तिथल्या लोकांना दात दाखवायला अख्खा दिवस मोडून खाली यावं लागायचं, म्हणून कितीजण दुखणं तसंच अंगावर काढत. कॉलेजची बस पायथ्यापर्यंत गेली आणि थांबली. वर जायचा रस्ता चिखलाचा होता. बसमध्ये घडीची खुर्ची, दिवा, हत्यारांच्या पेट्या. मॅडम म्हणाल्या, “आता एवढं सामान डोक्यावरून नेणार कोण?”

धाकटी बसमधून आली नव्हती. ती मागून आली, मामांना शेजारी आणि मामींना मागे बसवून. मामींचं येणं ठरलेलं नव्हतं, पण “तुम्ही दोघं डोंगरात जाणार आणि मी घरी जीव टांगणीला लावून बसणार? ते जमणार नाही,” असं म्हणून त्या बसल्या होत्या.

खुर्ची डिकीत गेली. पेट्या मामींच्या मांडीवर आणि मॅडम मामींच्या शेजारी.

“मी ही वाट मोजलेली आहे,” मामा म्हणाले. “पहिल्या वळणाला डावीकडे धर, उजवीकडे खडक भुसभुशीत आहे. छोटा दांडा ओढ. आणि मध्ये थांबू नकोस.”

खट्ट. गाडीचा आवाज बदलला, जडावला. पुढची चाकं चिखलात शिरली, फिरली, गाडी एका कडेला कलली. मामींनी डोळे मिटले. मग मागच्या चाकांनी जोर घेतला आणि गाडी चारही पायांनी रेटा देणाऱ्या जनावरासारखी वर सरकली. चिखलाचे गोळे काचेवर उडाले. मामा समोर बघत होते. त्यांना धूसरच दिसत असणार, पण ते बोलत होते, “आता दगडी कठडा येईल... आता झरा... डावीकडे, डावीकडे... झालं.” आणि दर वेळी कठडा यायचा, झरा यायचा.

वर पोचल्यावर मॅडमनी गुलाबी मूठ फिरवून काच खाली केली, मूठ निरखून पाहिली आणि विचारलं, “हे आपल्याच प्रयोगशाळेतलं काम दिसतंय?”

“हो, मॅडम.”

“कडा नीट घासलेल्या नाहीत,” मॅडम म्हणाल्या, आणि हसल्या.

त्या दिवशी धाकटी संध्याकाळपर्यंत उभी होती. किती महिने एका बाजूने चावणारी माणसं दोन्ही बाजूंनी हसत घरी गेली. मामांभोवती वस्तीतले म्हातारे जमले होते. “मोजणीवाले साहेब! तुम्ही आहात होय अजून!” कुणाच्या बांधाचा वाद होता, कुणाला फक्त हात हातात घ्यायचा होता. मामा इतके बोलले की घसा बसला.

धाकटी पुढे डॉक्टर झाली. खालच्या गावात तिचा दवाखाना आहे, आणि आठवड्यातला एक दिवस ती डोंगरातल्या वस्त्यांना देते. शेजारी मामा असतात, वाट सांगायला. ती वाट आता तिला डोळे मिटून येते, हे तिने त्यांना कधी सांगितलेलं नाही.

पण शिबिराच्या त्या दिवसाची गोष्ट निघाली की घरात सगळ्यांना आठवतं ते उतरल्यावर झालेलं. सामान खाली पोचवलं, चिखलाने माखलेली गाडी पायथ्याशी उभी राहिली. धाकटीने मागे वळून विचारलं, “मामी, फार भीती वाटली का हो?”

मामींनी केस सारखे केले, डोंगराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “चढताना डोळे मिटले होते गं, काहीच दिसलं नाही. अजून उजेड आहे. परत एकदा ने की वर!”